उम्म हैथमची लाल खूण

आमच्या कंपनीत प्रोग्राम लिहिणारे नऊ जण, ते विकणारे चार, आणि ते कसे वापरावेत याची माहितीपुस्तिका लिहिणारा मी एकटा. माझी पुस्तिका एकशे चौदा पानांची आहे. ती आजवर कुणी वाचलेली नाही. हे मी रागाने सांगत नाही, आता सवय झाली आहे. अम्मानच्या लुवैब्दे भागातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात पुस्तिका वाचण्याइतका धीर फक्त एका माणसाकडे आहे आणि ती उम्म हैथम. पण तिलाही वेळ नसतो.

तिचं खरं नाव रुवैदा शवाब्के; उम्म हैथम म्हणजे हैथमची आई, आमच्याकडे मूल झालं की आईबापाला अशीच हाक मारतात. वय सत्तेचाळीस, मादब्याहून रोज बसने येते, नवरा ट्रक चालवायचा, आता पाठ धरल्यामुळे घरी असतो. आमचा प्रोग्राम गावोगावच्या लहान दवाखान्यांसाठी आहे: कुणाचा नंबर कधी, कुणाला कुठलं औषध, उद्या कोण येणार याची यादी. तो वापरणारे दिवसभर काही ना काही कळवत असतात. कुणी लिहितं, कुणी पडद्याचा फोटो पाठवतं, निम्मे तर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात आणि त्यात मागे कोंबडा आरवत असतो. हे सगळं आधी उम्म हैथमकडे येतं. ती वाचते, ऐकते आणि खूण लावते. लाल खूण म्हणजे बिघाड. हिरवी म्हणजे मागणी. पिवळी म्हणजे ज्याचं उत्तर माझ्या पुस्तिकेत आहे.

लाल खूण लागलेलं प्रोग्रामवाले त्याच दिवशी बघतात. हिरवं ढिगात जातं. तो ढीग वर्षातून एकदा, हिवाळ्यात, बैठकीत उघडतात, दोन-चार मागण्या निवडतात आणि परत झाकून ठेवतात. खूण लावली की समोरच्याला आपोआप उत्तर जातं. हिरव्याचं उत्तर असं: 'आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभारी आहोत.' हे वाक्य मीच लिहिलं आहे. आता ते वाचलं की माझी मलाच चीड येते.

खरी अडचण आमच्या लोकांच्या तोंडात आहे. आमच्याकडे कुणी सरळ तक्रार करत नाही. छप्पर अंगावर पडलं तरी माणूस आधी घर बांधणाऱ्याच्या आईवडिलांना दुआ देईल, मग त्याच्या मुलांची चौकशी करेल, आणि निघता निघता म्हणेल, 'सवड झाली तर जरा वरती बघाल का?' तुमचा प्रोग्राम मोडला आहे असं लिहिणं म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताला नाव ठेवणं. म्हणून बिघाड येतात ते मागणीचे कपडे घालून. 'अल्लाह तुमच्या हातांना बरकत देवो, प्रोग्राम फारच सुंदर आहे, जड जात नसेल तर एखादं बटण वाढवता येईल का?' ते बटण का हवं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि दिवसाला सत्तर निरोप असले की सगळ्यांना विचारता येत नाही.

उम्म हैथमला हे विचारणं जमतं, कारण आमच्याकडे यायच्या आधी चौदा वर्षं ती एका सरकारी कचेरीत पाण्याच्या तक्रारींच्या खिडकीत बसली होती. ती सांगते, बायका यायच्या, घरची खबर द्यायच्या, पाणी उत्तम येतं म्हणायच्या. मग ही विचारायची, 'कपडे शेवटचे कधी धुतले?' त्यावर बाई गप्प झाली की छतावरची टाकी कोरडी आहे हे समजायचं. कंपनीने तिला घेतलं ते या कानांसाठी.

ही गोष्ट गेल्या रमजानची. रविवार होता आणि पुढच्या रविवारी किंवा सोमवारी ईद, चंद्र दिसेल तसं. ऑफिस दहा ते तीन. चहा नाही, सिगारेट नाही, नऊ प्रोग्रामवाले एकमेकांवर खेकसत बसलेले. त्यांचा म्होरक्या बिशर. पोरगा हुशार आहे, पण रोज्यात त्याच्याशी बोलायचं तर चिमट्याने बोलावं लागतं. त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं: गुरुवारी दुपारी दोनला ईदच्या आधीचा शेवटचा बदल बाहेर जाणार, त्यानंतर काही नाही, आणि त्यात फक्त लाल खुणांचं काम.

अकराच्या सुमारास तफिलेच्या डायलिसिस केंद्रातून सिस्टर खितामचा निरोप आला. उम्म हैथमने तो मला वाचून दाखवला. रमजानच्या शुभेच्छा, आमच्या सात पिढ्यांना दुआ, आणि शेवटी दोन ओळी: 'ईदची तारीख सरकवली की जुनी यादी छापता यावी अशी विनंती मागच्या वर्षीही केली होती. घाई नाही, आम्ही वही आणली आहे.'

"हिरवी," मी म्हणालो.

"अबू रीम, यांनी वही का आणली?"

"लिहायला."

"मग आपला प्रोग्राम कशाला आहे?"

तिने मागच्या वर्षीचा निरोप शोधून काढला. ईदच्या पंधरा दिवसांनंतरचा होता. तीच विनंती, तशीच गोड. त्याला हिरवी खूण होती आणि खुणेखाली लावणाऱ्याचं नाव असतं. नाव तिचंच होतं. त्या दिवशी तिने एक्याऐंशी खुणा लावल्या होत्या, तेही तिथे लिहिलेलं होतं. तिने लगेच खितामला फोन लावला, मलाही ऐकू येईल असा.

खिताम फोनवर तशीच होती जशी कागदावर. सगळं उत्तम आहे. प्रोग्राम फुलासारखा आहे. यादीचं काय, उगीच आपलं सुचलं. उम्म हैथमने तीन वेगवेगळ्या वाटांनी विचारून पाहिलं, तिन्ही वाटा दुआंमध्ये जाऊन संपल्या. शेवटी ती म्हणाली, "सिस्टर, वहीत पहिलं नाव कुणाचं लिहिलंत?"

"अबू मुत्लकचं," खिताम म्हणाली.

मग ते निघालं. अबू मुत्लक शनिवार, सोमवार, बुधवारच्या पाळीचा माणूस. मागच्या वर्षी कॅलेंडरवर ईद मंगळवारी होती, पण चंद्र दिसला नाही म्हणून ती बुधवारी आली आणि प्रोग्राममध्ये सरकवावी लागली. ईदच्या पहिल्या दिवशी केंद्र बंद असतं, म्हणून बुधवारचे बारा जण गुरुवारी यायला हवे होते. गुरुवारी सकाळी यादी उघडली तर त्यातलं एकही नाव नाही. खितामने डोक्याला ताण देऊन अकरा जण आठवले आणि फोन करून बोलावून घेतले. अबू मुत्लक रमजानातच नवीन लागलेला. तो तिला आठवला नाही. त्याला वाटलं, ईद आहे, लोक आपल्या मुलाबाळांत असतील, बोलावलं नाही म्हणजे सुट्टी असेल. मशीनशिवाय चार दिवस काढले. शुक्रवारी पहाटे मुलाने त्याला पिकअपमध्ये आडवा घालून करकच्या मोठ्या इस्पितळात नेला. तिथे अकरा दिवस पडून होता. वाचला, पण तेव्हापासून काठीशिवाय चालता येत नाही.

"नशिबात होतं, ताई," खिताम म्हणाली. "मला आठवायला हवं होतं. वही असती तर चूक झाली नसती."

उम्म हैथमने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं रोज्यामुळे. मी तिला म्हणालो जरा डोकं टेकवा. ती म्हणाली, "ती बाई वर्षभर स्वतःला दोष देतेय, आणि कागद माझ्याकडे पडून होता." मग तिने बाही वर सारली आणि कामाला लागली.

बिशरचा नियम साधा होता. लाल खूण लावायची तर बिघाड डोळ्यांनी दिसला पाहिजे आणि तो कसा होतो हे पायरीपायरीने लिहिता आलं पाहिजे. त्या वर्षात उम्म हैथमच्या दोन लाल खुणा फुकट गेल्या होत्या. एकदा छपाई होत नव्हती, कारण यंत्रात कागद नव्हता. एकदा अख्खा दवाखाना बंद पडला होता, कारण झाडणाऱ्या बाईने तार काढून तिथे आपला रेडिओ लावला होता. तेव्हापासून बिशर तिला बघितलं की म्हणायचा, "आली अग्निशामक दलाची गाडी."

सोमवारी तिने प्रोग्राममध्ये एक खोटं केंद्र उभं केलं आणि त्यात बारा खोटे पेशंट घातले. नावं स्वतःच्या सासरच्या माणसांची दिली, सासू पहिली. माझी पुस्तिका उघडली, पान त्र्याण्णव, आणि लिहिलंय तशी ईद मंगळवारची बुधवारी सरकवली. बाराही जण गुरुवारच्या यादीत हजर. परत केलं. परत हजर. दिवसभरात तिने एकतीस वेळा ईद सरकवली आणि सासरचं एकही माणूस हललं नाही.

"खऱ्या आयुष्यातही ते असेच आहेत," ती म्हणाली.

मंगळवारी बिशर तिच्या टेबलापाशी आला. "उम्म हैथम, यादी तर नीट आहे. सिस्टरने दुसऱ्याच तारखेची यादी उघडली असेल."

"नसेल."

"कोणी पाहिलंय?"

"अबू मुत्लकने पाहिलंय. करकमध्ये."

"मी पायऱ्या विचारतोय, गोष्ट नाही. दोन दिवस झाले. इकडे तुमचे दीडशे निरोप साचलेत आणि त्यांना खुणा मी लावणार नाहीये."

"मी लावीन. गुरुवारी दोनपर्यंत मला वेळ आहे ना? तू तुझं बघ, माझं मला बघू दे."

तो गेला. तिने दीडशेपैकी शंभर दुपारपर्यंत हातावेगळे केले, आणि उरलेले माझ्यासमोर सरकवून म्हणाली, "अबू रीम, तुमचं पुस्तक कुणी वाचत नाही, तुम्हाला सवड आहे." मी खुणा लावल्या. चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणाचा असा हुकूम मी ऐकला नव्हता.

तिने खितामला परत फोन लावला. आता प्रोग्रामबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं: मागच्या वर्षी चंद्राची बातमी आली तेव्हा तुम्ही कुठे होतात? केंद्रात, रोजा सोडत. जेवायला काय होतं? मकलूबा, आमच्या मावशीने पाठवलेला. बरोबर कोण होतं? कुणी नाही. डॉक्टर? डॉक्टर भावाकडे जेवायला गेले होते. बातमी आल्यावर काय केलंत?

"ईद बुधवार केली. हात पुसले आणि लगेच केली."

"आणि डॉक्टर?"

"ते फार भले आहेत. मला रमजानात आणखी एक काम नको म्हणून त्यांनीही भावाकडे बसल्या बसल्या फोनवरून सरकवली. मला सांगितलं नाही, मी आभार मानत बसेन म्हणून. मग ईद गुरुवारी गेली. त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी एक दिवस मागे घेतली. दुसऱ्या दिवशी माफी मागायला मामूल मिठाईचा डबा घेऊन आले."

"सिस्टर, दर वर्षी दोघंही सरकवता?"

"दोघांना एकमेकांची काळजी असते, ताई."

उम्म हैथमने डोळे मिटले. माझ्या पुस्तिकेत पान त्र्याण्णववर स्पष्ट लिहिलं आहे: सुट्टी एकाच व्यक्तीने एकदाच सरकवावी. मी ते अम्मानमध्ये बसून लिहिलं, आणि आयुष्यभर या लोकांत राहून मला एवढं कळू नये की आमच्याकडे कुठलंही चांगलं काम एकटा माणूस एकदा करतच नाही. मला स्वतःची लाज वाटली.

बुधवारी आम्ही दोघं दोन फोन घेऊन बसलो. तिने ईद बुधवारी केली, मागोमाग मी सरकवली, ईद गुरुवारी गेली. मग मी एक दिवस मागे घेतली. ईद बुधवारी परत आली. गुरुवारची यादी उघडली. कोरी.

"सासूबाई गेल्या," उम्म हैथम म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

पुढचा अर्धा तास आम्ही बाराजणांना शोधत होतो. ते सापडले बुधवारात. मागे घेताना प्रोग्राम माणसांना त्यांच्या मूळ दिवशी नेऊन ठेवत होता, आणि त्यांचा मूळ दिवस आता सुट्टीचा होता. सुट्टीच्या दिवसाची यादी उघडतच नाही. बारा माणसं बंद दाराआड बसली होती आणि बाहेरून कुणाला दिसत नव्हती.

तिने पायऱ्या लिहिल्या, अकरा ओळी, आणि बिशरला बोलावलं. त्याच्या देखत दोनदा करून दाखवलं. बिशर खुर्ची ओढून बसला. हुशार पोरगा आहे, एका नजरेत त्याला कळलं. पण रोज्याचा शेवटचा आठवडा होता, त्याच्याकडे आधीच सहा लाल खुणा होत्या.

"दोघांनी सरकवायची आणि एकाने मागे घ्यायची," तो म्हणाला. "ही वापरणाऱ्याची चूक आहे. पान त्र्याण्णव वाचा."

"तू वाचलंस?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आत्ता वाचलं. उम्म हैथम, हिरवी ठेवा. ईदनंतर पहिलं काम हेच घेतो, शब्द देतो."

"ईदनंतर?"

"घाईत यादीला हात लावला आणि सगळ्यांचीच यादी बिघडली तर? त्याचा जाब मी द्यायचा."

हे खोटं नव्हतं. मला वाटलं, आता ती आवाज चढवेल. तिने चढवला नाही. तिने मागच्या वर्षीचा निरोप उघडला आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"नाव वाच."

"तुमचं आहे."

"मी हिरवी लावली होती. एक्याऐंशी निरोप होते, मला घरी जायचं होतं, बस चुकत होती. अबू मुत्लक तेव्हा घरी परतून जेमतेम दोन दिवस झाले होते. त्या वेळी मी एक फोन केला असता तर हे वर्षापूर्वी दुरुस्त झालं असतं. माझी चूक आहे आणि ती मी सगळ्यांसमोर लिहिणार आहे." तिने ती हिरवी खूण काढली, लाल लावली आणि खाली एक ओळ लिहिली: 'पहिल्यांदा चुकीची खूण लावली, रुवैदा शवाब्के.' मग आजच्या निरोपालाही लाल लावली. "आता ऐक, बिशर. लाल मी लावलीय. तुला काढायची असेल तर काढ. पण तू काढ, तुझ्या हाताने. खाली तुझं नाव येईल. सोमवारी ईद झाली आणि मंगळवारी कुणी आलं नाही, तर ते नाव मला दिसेल आणि तुलाही दिसेल. मी एक वर्ष असं नाव घेऊन बसलेय आणि मला ते माहीतही नव्हतं. तुला माहीत असेल."

बिशरने बोटाने टेबलावर ताल धरला. बाकीचे आठ जण आपापल्या पडद्यांकडे बघत होते, पण एकाचीही बोटं चालत नव्हती.

"तुम्ही सरळ जीवच घेता माणसाचा," तो म्हणाला.

"रोजा आहे तुझा. शब्द जपून वापर."

तो उठला, आपल्या जागेवर गेला आणि म्हणाला, "ती अकरा ओळींची चिठ्ठी इकडे द्या." त्या दिवशी तो तीनला घरी गेला नाही. तीही गेली नाही. त्याने दुरुस्त करायचं आणि तिने सासरची बारा माणसं घेऊन मोडून बघायचं, असं सूर्यास्तापर्यंत चाललं. बिशरने बेकरीतून गरम पाव आणि खजूर आणले आणि तिच्यापुढे आधी ठेवले. गुरुवारी सकाळी तिने अजून चाळीस वेळा मोडून पाहिलं: दोघांनी, तिघांनी, मागे, पुढे, मध्येच फोन बंद करून. पावणेदोनला ती म्हणाली, "जाऊ दे बाहेर." बदल बाहेर गेला.

शनिवारी संध्याकाळी चंद्र दिसला नाही. ईद सोमवारी ठरली. कॅलेंडरवर ती रविवारी होती, म्हणजे देशभरच्या सिस्टरांनी आणि डॉक्टरांनी हात पुसून ती सरकवली असणार.

मंगळवारी, ईदच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिसला कुलूप असायला हवं होतं. पण सकाळी दहाला उम्म हैथम खिडकीपाशी बसलेली होती, नवे कपडे घालून, आणि मी तिच्यापाशी, कारण घरी पाहुणे माझ्या मुलीच्या लग्नाचं विचारत होते. ती फोनकडे बघत नव्हती असं दाखवत होती. साडेबाराला खितामचा फोन आला.

आधी ईदच्या शुभेच्छा झाल्या. मग माझ्या तब्येतीची चौकशी. मग तिने सांगितलं: डॉक्टरांनी या वर्षीही गुपचूप सरकवली, तिनेही सरकवली, डॉक्टरांनी मागे घेतली. सकाळी यादी उघडली तर बाराही नावं होती. अकरा जण आले. बाराव्या नावापुढे नऊपर्यंत खूण झाली नाही म्हणून तिने घरी फोन लावला. अबू मुत्लक म्हणाला, ईदच्या दिवसांत तुम्हाला कशाला त्रास, मी शनिवारी येतो. खितामने फोन त्याच्या मुलाला द्यायला सांगितला आणि मुलाला जे सांगायचं ते सांगितलं. आता म्हातारा मशीनवर झोपला आहे आणि घोरतो आहे.

उम्म हैथमने चालू फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मला वाटलं आता आभार होतील, दुआ होतील आणि फोन संपेल. ती म्हणाली, "सिस्टर, एक सांगायचंय. तुमची मागच्या वर्षीची चिठ्ठी माझ्याकडेच आली होती. ती मागणी आहे असं मीच ठरवलं. विचारलं नाही. तुम्हाला अबू मुत्लक आठवला नाही ही चूक नव्हती. नावं लक्षात ठेवणं यादीचं काम होतं, आणि यादी मोडलीय हे ऐकणं माझं."

पलीकडून मशीनचा आवाज येत होता.

"मी त्याच्या बायकोपुढे वर्षभर मान वर केली नाही," खिताम म्हणाली. तिच्या आवाजात साखर उरली नव्हती. "तुमचं उत्तर आलं होतं. मोलाच्या सूचनेबद्दल आभारी आहोत. मला वाटलं, म्हणजे चूक माझीच."

"नाही."

"तुम्ही चुकलात, ताई."

"हो," उम्म हैथम म्हणाली. "मी चुकले."

खितामने मोठा श्वास घेतला. "मग अजून तीन गोष्टी आहेत. औषधांचं पान दुपारी दोननंतर उघडत नाही. वजनाचा आकडा कधीकधी मागच्या वेळचाच राहतो. आणि तिसरी मी दोन वर्षं बोललेली नाही."

उम्म हैथमने खुर्ची पुढे ओढली.

"तिसरीपासून सांग," ती म्हणाली.